ड जीवनसत्त्वाचा अतिरेक: पातळीच्या आधी कॅल्शियम पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ६८ वर्षे. हाडे दुखतात म्हणून तपासणी केली, तेव्हा ड जीवनसत्त्वाची पातळी १४ निघाली. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, अशी ८ आठवडे घ्यायला सांगितली. बरे वाटू लागल्यामुळे आईंनी ती गोळी पुढे दीड वर्ष चालूच ठेवली. दुखणे वाढले की कधी कधी आठवड्यातून दोन गोळ्याही घेतल्या. त्याशिवाय रोज एक कॅल्शियमची गोळी आणि एक मल्टिव्हिटॅमिन सुरू आहे. गेल्या महिन्यापासून त्यांना जेवण जात नाही, मळमळते, पोट साफ होत नाही आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. नव्या अहवालात पातळी १३८ आली आहे. घरात एकाचे म्हणणे असे की व्हिटॅमिनच आहे, जास्तीचे लघवीवाटे निघून जाईल. दुसऱ्याचे म्हणणे असे की १५० च्या आत आहे, म्हणजे विषबाधा नाही. यातले खरे काय, गोळी बंद केली की पुरे का, आणि पुन्हा कधी सुरू करायची, असे विचारले आहे.

दोन्ही म्हणणी बरोबर नाहीत, आणि या प्रकरणात थांबून वाट पाहणे योग्य नाही. ड जीवनसत्त्वाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि मल्टिव्हिटॅमिन आजपासून बंद करावे आणि शक्य तर आजच, नाही तर उद्या, आईंच्या रक्तातील कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन, काही कॅल्शियम त्याला चिकटून असते), क्रिएटिनिन (हे वाढले की मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे कळते), फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड हार्मोन (कॅल्शियमचा तोल सांभाळणारे, गळ्यातील ग्रंथींचे हार्मोन) तपासून घ्यावे. अहवाल येईपर्यंत त्यांना पुरेसे पाणी द्यावे. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्या गोंधळल्यासारख्या बोलू लागल्या, सारख्या झोपू लागल्या, उलट्या थांबेनात किंवा छातीत धडधड जाणवली, तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे.

आता हे इतक्या तातडीने का सांगतो आहे, ते सविस्तर लिहितो.

लघवीवाटे निघून जाण्याची गोष्ट ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वांना आणि क जीवनसत्त्वाला बऱ्याच अंशी लागू पडते, कारण ती पाण्यात विरघळतात. ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते. ते चरबीत आणि स्नायूंत साठते आणि तिथून आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्तात येत राहते. यकृत त्याचे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी या रूपात रूपांतर करते. आपण रक्तात मोजतो ते हेच. पुढे मूत्रपिंड त्यातून कॅल्सिट्रायॉल हे खरे क्रियाशील रूप तयार करते आणि ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. यातील मूत्रपिंडाच्या पायरीवर शरीराचे कडक नियंत्रण असते: रक्तात कॅल्शियम पुरेसे झाले की पॅराथायरॉइड हार्मोन कमी होते, कॅल्सिट्रायॉलची निर्मिती मंदावते आणि जास्तीचे मोडून टाकणारे एन्झाइम कामाला लागते. यकृताच्या पायरीवर मात्र असा कडक लगाम नाही. जितके ड जीवनसत्त्व पोटात जाईल, त्या मानाने २५-हायड्रॉक्सी वाढतच जाते. ते फार वाढले की मूत्रपिंडाचे नियंत्रण बाजूला पडते, कारण इतक्या मोठ्या प्रमाणात हे अर्धे तयार रूपही पेशींतील ड जीवनसत्त्वाच्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून कॅल्सिट्रायॉलसारखे काम करू लागते; शिवाय रक्तातील वाहक प्रथिनावरची जागा तेच व्यापते आणि तिथले कॅल्सिट्रायॉल मोकळे सुटते. आतडे कॅल्शियम ओढत राहते, आणि हाडांतूनही कॅल्शियम बाहेर पडू लागते. हाडे बळकट व्हावीत म्हणून घेतलेले औषध अतिरेकात हाडांतूनच कॅल्शियम काढते, ही गोष्ट रुग्णांना पटायला वेळ लागतो, म्हणून ती मी मुद्दाम सांगतो.

म्हणजे या विषबाधेत प्रत्यक्ष अपाय करते ते रक्तात आणि लघवीत वाढलेले कॅल्शियम, आणि त्याचा पहिला मोठा आघात मूत्रपिंडावर होतो. सुरुवातीला रक्तातील कॅल्शियम ठीकच दिसते, कारण मूत्रपिंड जास्तीचे कॅल्शियम लघवीत टाकून तोल सांभाळत असते. या टप्प्यावर रुग्णाला काहीच जाणवत नाही, पण लघवीतील कॅल्शियम वाढलेले असते आणि मुतखड्याची पूर्वतयारी चालू असते. पुढे रक्तातील कॅल्शियम वाढले की ते मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्तीच कमी करते. पाणी राखून ठेवण्याचा संदेश देणारे हार्मोन असते, पण मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. त्यामुळे लघवी खूप होते, वारंवार होते आणि तहान लागते. तुमच्या आई रात्री तीन-चार वेळा उठतात, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. या वयात असे उठणे साखरेमुळे किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गामुळेही होते, तेव्हा तीही तपासणी करावीच, पण मळमळ आणि बद्धकोष्ठतेच्या जोडीला हे लक्षण आले की कॅल्शियमचा विचार आधी करावा. इतके पाणी बाहेर जात असताना मळमळीमुळे माणूस पाणी कमी पितो, शरीर कोरडे पडते, मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, आणि मग मूत्रपिंड कॅल्शियम बाहेर टाकण्याऐवजी परत शोषून घेऊ लागते. कॅल्शियम आणखी चढते, लघवी आणखी होते, शरीर आणखी कोरडे पडते. हे चक्र एकदा सुरू झाले की दहा-बारा दिवसांत क्रिएटिनिन दुपटीवर गेलेले मी पाहिले आहे. वेळीच सलाईन दिले तर ते बहुतेकदा खाली येते, पण मूत्रपिंडाच्या ऊतींत कॅल्शियमचे कण साचून बसले असतील तर ते नुकसान पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

उरलेली लक्षणे फसवी असतात. आतड्याची हालचाल मंदावते म्हणून बद्धकोष्ठता होते, अन्नावरची वासना उडते, पोट दुखते. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. स्नायूंत जोर राहत नाही. मन उदास होते, लक्ष लागत नाही, विसरायला होते, आणि कॅल्शियम फार चढले तर ग्लानी येते. रक्तदाब वाढू शकतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. वयस्कर माणसात यातील प्रत्येक तक्रारीला ‘वय झाले’ हे उत्तर तयार असते, आणि तिथेच निदान लांबते. मला आठवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना विसरभोळेपणा आणि तोल जाणे यासाठी दाखल केले होते. मेंदूचा स्कॅन वयाला साजेसा होता. नातेवाइकांना घरातली सगळी औषधे आणायला सांगितली, तेव्हा पिशवीतून ड जीवनसत्त्व असलेली चार निरनिराळी उत्पादने निघाली: आठवड्याची गोळी, कॅल्शियमसोबतची गोळी, ‘हाडांसाठी’ म्हणून घेतलेली पावडर आणि तोंडात फवारायचा स्प्रे. चारही वेगवेगळ्या लोकांनी चांगल्या हेतूने सुचवलेली होती आणि त्यांची बेरीज कोणीही केलेली नव्हती. कॅल्शियम १३.२ होते, म्हणजे बरेच वाढलेले. आठवडाभराच्या उपचारानंतर ते नातवंडांना नावाने हाका मारू लागले.

तुमच्या आईंची बेरीज आपण इथे करून पाहू. ६०,००० युनिटला ७ ने भागले की रोजचे सुमारे ८,५७० युनिट होतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० साली निरोगी प्रौढांसाठी रोजची गरज ७० वर्षांपर्यंत ६०० युनिट आणि त्यापुढे ८०० युनिट ठरवली आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय ओलांडू नये अशी कमाल मर्यादा ४,००० युनिट ठेवली; युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली प्रौढांसाठी हीच मर्यादा दिली. आईंचे प्रमाण दीड वर्ष या कमाल मर्यादेच्या दुपटीहून जास्त राहिले, आणि त्यात कॅल्शियमच्या गोळीतील, मल्टिव्हिटॅमिनमधील आणि मधूनच घेतलेल्या जादा गोळ्यांतील युनिट मी धरलेलेच नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहा: ८ आठवड्यांत ४,८०,००० युनिट द्यायचे ठरले होते, आणि ७८ आठवड्यांत किमान ४६,८०,००० युनिट पोटात गेले. डॉक्टरांनी दिलेला डोस चुकीचा नव्हता. १४ ही पातळी कमीच होती आणि ती भरून काढण्यासाठी असा साप्ताहिक डोस काही आठवडे देणे ही सर्वमान्य पद्धत आहे. चुकले ते एवढेच की थांबण्याची तारीख आईंपर्यंत पोहोचली नाही. माझ्या अनुभवात ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे, आणि ते चिठ्ठीवर ‘यानंतर बंद’ हे दोन शब्द ठळक लिहिल्याने टळू शकते.

आता १३८ या आकड्याकडे वळू. सर्वांत आधी त्याच्यापुढचे एकक पाहा. हे मोजमाप काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात आणि काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला अडीचने गुणले की दुसरे मिळते. १३८ नॅनोमोल असतील तर ते ५५ नॅनोग्रॅम होतात, आणि तेवढ्याने आईंची लक्षणे समजावता येणार नाहीत, दुसरे कारण शोधावे लागेल. आधीचे १४ आणि आताचे १३८ एकाच प्रयोगशाळेतले असतील तर बहुधा दोन्ही नॅनोग्रॅममध्येच असतील, पण कागदावर पाहून खात्री करा.

१३८ नॅनोग्रॅम असतील, तर १५० च्या आत आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. १५० हा आकडा यासाठी सांगितला जातो की विषबाधेचे बहुसंख्य रुग्ण त्याच्या पुढे आढळतात. त्याच्या अलीकडे अपाय होत नाही, असा त्याचा अर्थ नाही. १०० च्या पुढची पातळी अतिरिक्त मानूनच आम्ही पावले उचलतो, कारण एवढ्या पातळीचा काही फायदा कुठल्याही चांगल्या अभ्यासात दिसलेला नाही. शिवाय ज्या व्यक्तीच्या पोटात त्याच वेळी कॅल्शियमही जात आहे, जिचे मूत्रपिंड वयोमानाने थकले आहे, तिचे कॅल्शियम ड जीवनसत्त्वाची पातळी ११० असतानाही चढू शकते आणि दुसऱ्या एखाद्याचे पातळी १६० असतानाही चढत नाही. म्हणून निर्णय कॅल्शियम पाहून करायचा असतो. प्रौढांत ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. १२ च्या पुढे आणि लक्षणे असतील तर दाखल करून उपचार करणे बरे. १४ च्या पुढे ती आणीबाणीच असते. इथे एक गोष्ट सुटू नये: जेवण कमी झालेल्या वृद्धांत अल्ब्युमिन कमी असते, आणि त्यामुळे एकूण कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी दिसते. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, तितके ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचे, असा ढोबळ हिशोब आहे. कागदावर कॅल्शियम १०.४ आणि अल्ब्युमिन ३ असेल, तर प्रत्यक्षात ते ११.२ धरावे लागते. ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवलेला अहवाल तेव्हा नॉर्मल राहत नाही.

पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी मी मुद्दाम सांगितली आहे. ड जीवनसत्त्वाने कॅल्शियम वाढले असेल तर हे हार्मोन दबलेले, अगदी कमी असते. ते जास्त असेल किंवा या परिस्थितीत जेवढे खाली जायला हवे तेवढे गेलेले नसेल, तर पॅराथायरॉइड ग्रंथीचाच आजार असण्याची शक्यता असते. या वयाच्या स्त्रियांत तो विरळ नाही, आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी त्यात आधीच वाढलेले कॅल्शियम आणखी वाढते. आणखी एक बारकावा असा की केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सुरू असतील, तर काही तपासणी-पद्धतींत २५-हायड्रॉक्सी खोटेच जास्त आणि पॅराथायरॉइड हार्मोन खोटेच कमी दिसते. कागदावर हुबेहूब ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेचे चित्र उभे राहते, फक्त कॅल्शियम पूर्ण नॉर्मल असते. आईंच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन किती आहे ते वाचून प्रयोगशाळेला सांगा.

वेष्टनावरच्या एककांनीही घात होतो, विशेषतः तान्ह्या मुलांच्या बाबतीत. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. त्यामुळे २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० युनिट, आणि १,००० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०,००० युनिट. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वाचले गेले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. थेंबांच्या बाटल्यांत एका उत्पादनात १ मिलिलिटरला ४०० युनिट असतात आणि दुसऱ्यात एका थेंबालाच ४०० युनिट. बाटली बदलली आणि जुनाच ड्रॉपर पूर्ण भरून दिला, तर बाळाला एका दिवसात अनेक दिवसांचा डोस जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली नेमक्या याच धोक्याबद्दल पालकांना सावध केले होते. ६ महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी कमाल मर्यादा रोज १,००० युनिट आहे, ६ ते १२ महिन्यांसाठी १,५०० युनिट, म्हणजे चुकीला फार कमी जागा आहे. बाळ दूध घेईना, वारंवार उलटी करू लागले, वजन वाढेना, मलूल पडले, तर थेंबांची बाटली आणि तिच्यासोबतचा ड्रॉपर दोन्ही डॉक्टरांकडे न्यावेत. नुसते औषधाचे नाव सांगून ही चूक सापडत नाही.

चूक नेहमी घेणाऱ्याचीच असते असेही नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मॅसॅच्युसेट्समधील आठ जणांची नोंद आहे. ते एकाच दुग्धशाळेचे दूध पीत होते. सुमारे एका लिटरमध्ये ४०० युनिट मिसळायचे असताना काही नमुन्यांत दोन लाखांहून अधिक युनिट आढळले. आहारपूरक उत्पादनांतही लेबलवर लिहिलेली आणि प्रत्यक्षातली मात्रा जुळत नसल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात अनेक आहेत. त्यामुळे रुग्ण शपथेवर सांगत असेल की आपण थोडेच घेतले, तरी कॅल्शियम जास्त असेल तर मी आधी रुग्णावर विश्वास ठेवतो आणि मग उत्पादनावर संशय घेतो.

विषबाधेपर्यंत न पोहोचणाऱ्या, पण गरजेपेक्षा जास्त असलेल्या डोसचे काय, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण असे लोक संख्येने खूप आहेत. इथे गेल्या काही वर्षांत चांगले अभ्यास झाले आहेत. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरील २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा ५,००,००० युनिटचा एकच डोस दिला गेला. हेतू पडणे आणि हाड मोडणे कमी व्हावे हा होता. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा डोस घेतलेल्या गटात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंगाचे प्रमाण २६ टक्क्यांनी जास्त निघाले, आणि पडण्याचा धोका डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अधिक होता. कॅनडातील कॅल्गरी येथे ३११ निरोगी प्रौढांना तीन वर्षे रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट देण्यात आले. जास्त डोसने हाडे अधिक भक्कम झाली नाहीत; उलट हाताच्या हाडाची घनता ४०० युनिटच्या तुलनेत दोन्ही मोठ्या डोसमध्ये कमी आढळली, आणि डोस वाढेल तसे लघवीतून कॅल्शियम जास्त जाण्याचे प्रमाणही वाढले. हे निष्कर्ष २०१९ सालचे आहेत. ३६,२८२ स्त्रियांवरच्या एका जुन्या अमेरिकन चाचणीत रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि फक्त ४०० युनिट ड जीवनसत्त्व एकत्र दिले, तरी मुतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले होते. म्हणून कॅल्शियम शक्यतो आहारातून घ्यावे आणि गोळी गरज मोजूनच घ्यावी, असे मी सांगतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर वाचणारे घाबरून गरजेचा डोसही टाकून देतील. २५,८७१ लोकांवरच्या मोठ्या चाचणीत रोज २,००० युनिट सुमारे पाच वर्षे दिले गेले. कॅन्सर, हृदयविकार किंवा अस्थिभंग कमी झाले नाहीत, पण कॅल्शियम वाढण्याचा त्रासही वाढला नाही. म्हणजे मध्यम डोस बहुतेकांना सुरक्षित आहे. तो सर्व आजारांवरचा उपाय मात्र नाही. खरी कमतरता असेल तर मुलांची हाडे वाकतात आणि मोठ्यांची मऊ पडतात, आणि तिथे हेच औषध अत्यंत उपयोगी ठरते. निरोगी प्रौढांची पातळी सरसकट तपासत बसू नये, असा सल्ला अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ साली दिला आहे, आणि तो मला योग्य वाटतो. आकडा दिसला की तो वाढवण्याचा मोह होतो.

काही लोकांना साधा डोसही झेपत नाही. सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत व इतर अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार), क्षयरोग आणि काही प्रकारचे लिम्फोमा (लसिका ग्रंथींचे कॅन्सर) यांत आजारी ऊतींतील पेशी स्वतःच कॅल्सिट्रायॉल बनवू लागतात, त्यांना मूत्रपिंडासारखे नियंत्रण नसते. अशा रुग्णाची २५-हायड्रॉक्सी पातळी कमी दिसते आणि ती भरून काढायला गेले की कॅल्शियम झपाट्याने चढते. ड जीवनसत्त्व मोडून टाकणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात दोष घेऊन काही जण जन्माला येतात. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या आहारात हे जीवनसत्त्व सढळपणे मिसळले जात असताना काही बाळेच गंभीर आजारी पडली आणि बाकीची नाहीत; अशा आजाराचे एक जनुकीय कारण २०११ साली सापडले. रक्तदाबासाठी थायझाइड गटातील गोळी घेणाऱ्यांत लघवीतून कॅल्शियम कमी जाते, म्हणून ते रक्तात साचते. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांत वाढलेले कॅल्शियम हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडवू शकते. तुमच्या आई यांपैकी काही घेत असतील तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांना दिले जाणारे कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल ही आधीच पुढच्या पायरीवरची औषधे आहेत. त्यांचा अतिरेक झाला तर नेहमीच्या तपासणीत २५-हायड्रॉक्सी अगदी व्यवस्थित दिसते, म्हणून तिथे फक्त कॅल्शियमच खरे सांगते.

उन्हाबद्दलही लोक विचारतात. उन्हाने ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण त्वचेत ठरावीक मर्यादेपलीकडे तयार झालेला कच्चा माल त्याच उन्हाने निष्क्रिय संयुगांत बदलतो. आईंना ऊन टाळायला सांगण्याची गरज नाही. आणि ‘व्हिटॅमिन के-टू सोबत घेतले तर ड कितीही चालते’ हा जो समज पसरला आहे, त्यावर विसंबू नका. व्हिटॅमिन केने माणसात ड जीवनसत्त्वाची विषबाधा टळते याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि वॉरफरिन घेणाऱ्याने ते मनाने सुरू केले तर रक्त पातळ ठेवण्याचा उपचारच फसतो.

उपचार कॅल्शियमच्या आकड्यावर ठरतो. थोडेच वाढलेले असेल आणि खाणे-पिणे सुरू असेल, तर सर्व पूरके बंद, पाणी पुरेसे, कॅल्शियमयुक्त पदार्थ तात्पुरते कमी आणि काही दिवसांच्या अंतराने तपासण्या, एवढे पुरते. जास्त असेल तर शिरेतून सलाईन देऊन आधी शरीरातील पाण्याची तूट भरतात, कारण वर सांगितलेले चक्र तिथेच तुटते. त्यानंतर गरजेनुसार स्टेरॉइड देतात, त्याने आतड्यातून कॅल्शियम शोषले जाणे कमी होते. हाडांतून येणारे कॅल्शियम थांबवायला बिस्फॉस्फोनेट गटातील इंजेक्शन देतात, मात्र त्याआधी मूत्रपिंडाचे काम पाहावे लागते. कॅल्सिटोनिन हे कॅल्शियम उतरवणारे हार्मोन लवकर गुण देते, पण त्याचा परिणाम साधारण दोन दिवसांत ओसरतो. मूत्रपिंड साथ देत नसेल तर डायलिसिस करावे लागते. अंथरुणाला खिळून राहणे टाळावे. हालचाल बंद झाली की हाडांतून कॅल्शियम आणखी सुटते.

गोळी बंद केली की पुरे का, याचे उत्तर म्हणूनच ‘नाही’ असे आहे. २५-हायड्रॉक्सी निम्म्यावर यायला सर्वसाधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात, पण चरबीत साठलेले मूळ ड जीवनसत्त्व त्यात भर घालत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात उतार बराच संथ असतो. रुग्णालयात कॅल्शियम १० वर आले, घरी गेले, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा १२ झाले, हे यात नेहमीचे आहे; स्टेरॉइड लवकर थांबवले तर विशेषतः. पहिला महिना आठवड्यातून एकदा कॅल्शियम आणि क्रिएटिनिन, पुढे ते स्थिर दिसेपर्यंत दोन ते चार आठवड्यांनी, असे वेळापत्रक मी ठेवतो. ड जीवनसत्त्वाची पातळी मात्र दोन महिन्यांच्या आत पुन्हा तपासण्यात अर्थ नाही; त्या आकड्याने तोवर उपचार बदलत नाही. एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी, खडे किंवा कॅल्शियमचा साठा आहे का ते कळते.

पुन्हा कधी सुरू करायची, याबद्दल: कॅल्शियम सलग दोन-तीन महिने नॉर्मल राहून पातळी ५० नॅनोग्रॅमच्या खाली येईपर्यंत काहीही सुरू करू नये, तिथवर पोहोचायला अनेक महिने लागू शकतात आणि या काळात कमतरता होण्याची भीती नाही. त्यानंतर गरज वाटलीच तर रोज ८०० ते १,००० युनिट, एकाच उत्पादनातून, आणि तीन महिन्यांनी कॅल्शियम पाहून. साप्ताहिक ६०,००० युनिटची उरलेली गोळी घरात ठेवू नका. आणि सुरुवातीला जे हाडांचे दुखणे होते, त्याचे कारण १४ ही पातळी होती की आणखी काही, हे स्वतंत्रपणे तपासून घ्या. पातळी दीड वर्ष भरपूर असतानाही दुखणे अधूनमधून वाढतच होते, त्यामुळे सांध्यांची झीज, हाडांची घनता आणि थायरॉइड या तीन गोष्टी मी आता आधी पाहीन.